आज तबेल्यात कोण जाणार?

२३ मार्च २०२० च्या संध्याकाळी ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवरून लोकांना घरीच थांबायला सांगितले. दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी भारतात एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर केली आणि ती चार तासांत लागू झाली. दोन्ही भाषणे माणसांना वाचवण्यासाठी होती, तशीच ती असायला हवी होती. पण त्या रात्री दोन्ही देशांत असंख्य घोडे मालकाच्या घरापासून लांब, कुठल्या तरी तबेल्यात, कुरणात किंवा डोंगरमाथ्यावर होते. उजाडल्यावर त्यांना वैरण आणि पाणी लागणार होते. ते कोणी द्यायचे, हे दोन्ही भाषणांत नव्हते.

या घोड्यांच्या बाबतीत तेव्हा काय करायला हवे होते, यावर पुण्यातल्या एका घरात आजही दोन मते आहेत. आत्या सार्वजनिक आरोग्य विभागातून निवृत्त झालेल्या डॉक्टर, त्यांचे सगळे आयुष्य साथरोगांत गेलेले. भाची पशुवैद्य, त्यातही घोड्यांची. २०२० साली ती इंग्लंडमधल्या एका ग्रामीण दवाखान्यात काम करत होती. महाराष्ट्रातला कोरोनाचा पहिला रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यातच सापडला आणि पुढचे कित्येक महिने आत्या फोनवरून रुग्णांच्या घरच्यांना सल्ला आणि धीर देत राहिल्या. दोघीही बोलतात ते स्वतः पाहिलेले, अनुभवलेले.

“इथे लोकांना स्वतःच्या आईचं शेवटचं दर्शन मिळत नव्हतं,” आत्या सुरुवात करतात, “आणि तिकडे माणसं गाडी काढून घोड्याला भेटायला जात होती. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आताही पटत नाही.”

“भेटायला नाही गं आत्या. पाणी भरायला, लीद काढायला जात होती.”

“त्यासाठी तबेल्यात नोकरमाणसं नसतात?”

“तोच तर प्रश्न आहे. बऱ्याच ठिकाणी नसतात.”

इंग्लंडमध्ये घोडा बाळगणाऱ्या अनेकांकडे स्वतःची जमीन नसते. नर्स, शिक्षक, दुकानात काम करणारे असे लोकही घोडा पाळतात आणि तो घरापासून काही मैलांवरच्या भाड्याच्या तबेल्यात ठेवतात. अशा तबेल्यांना तिथे लिव्हरी यार्ड म्हणतात. जास्त पैसे मोजले, तर दाणापाणी, खरारा, फिरवणे हे सगळे तबेल्याचे लोक करतात. त्याहून स्वस्त सोय म्हणजे काही कामे त्यांची, काही मालकाची. सर्वांत स्वस्त सोयीत मालकाला मिळते ती फक्त जागा आणि कुरणाचा तुकडा. सकाळ-संध्याकाळ जाऊन बाकीचे सगळे त्यानेच करायचे. टाळेबंदीचा खरा पेच या तिसऱ्या प्रकारात होता. तिथे मालकाला घरी बसवणे म्हणजे घोड्याच्या एकमेव नोकराला घरी बसवणे.

आत्यांना हे मान्य आहे, पण त्या आरोग्य अधिकाऱ्याच्या नजरेने हिशेब मांडतात. “समज, एका आवारात दहा घोडे आहेत. दहा मालक दिवसातून दोनदा येणार, म्हणजे रोज वीस फेऱ्या. तेच फाटक, तोच नळ, तीच हातगाडी, तेच कुलूप. त्याऐवजी एकानं दहाही घोडे बघितले, तर दोन फेऱ्यांत काम झालं. साथीत नियम असा हवा की त्याला पळवाट नको. आज घोडेवाल्याला सोडलं, तर उद्या कबुतरवाला येतो, परवा मासे पाळणारा येतो.”

“हिशेब बरोबर आहे,” भाची म्हणते. “पण त्या एकाला दहाही घोडे हाताळता आले पाहिजेत. अनोळखी माणूस बाजूनं गेला की लाथ मारणारा घोडा असतो. औषध फक्त सफरचंदातून खाणारा असतो. एखादा कुरणातून पकडूच देत नाही. आणि कायदाही आहे.”

इंग्लंडच्या २००६ च्या प्राणिकल्याण कायद्यानुसार मालक कुठेही असला, तरी त्याच्या जनावराची जबाबदारी नेहमी त्याच्यावर राहते. जनावर ज्याच्या ताब्यात आहे तोही जबाबदार, पण त्यामुळे मालक सुटत नाही. योग्य निवारा, योग्य आहार, स्वाभाविक वागण्याची मोकळीक, सोबत किंवा गरजेप्रमाणे एकांत, आणि वेदना व आजारापासून संरक्षण अशा पाच गरजा कायद्यात सांगितल्या आहेत. त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे हा गुन्हा आहे. म्हणजे साथीचा नियम ‘घरी थांब’ म्हणत होता आणि हा कायदा ‘जनावराला वाऱ्यावर सोडू नको’ म्हणत होता. अखेर सरकारी मार्गदर्शनातच खुलासा आला. घोडा दुसऱ्याच्या जागेत असेल, तर त्याच्या देखभालीसाठी बाहेर पडता येईल, पण आधी तबेल्याच्या व्यवस्थापकाशी बोलून घ्यावे.

फ्रान्सने वेगळी वाट धरली. तिथे मार्च २०२० मध्ये राइडिंग क्लब लोकांसाठी बंद झाले आणि आतल्या घोड्यांची निगा कर्मचाऱ्यांवर सोपवली गेली. आत्यांना हीच पद्धत योग्य वाटते. “आपल्याकडेही रेसकोर्सवर बहुतेक मोतद्दार तबेल्याजवळच राहतात. त्यांना आत ठेवा, बाहेरच्यांना बाहेर. घोड्याचंही भलं, गावाचंही.”

“मोतद्दारांचं काय?” भाची लगेच विचारते. “एका खोलीत चारचार जण राहणारे. त्यातला एक आजारी पडला, तर सगळेच अडकणार. मग आतल्याला बाहेर पडता येत नाही आणि बाहेरच्याला आत येता येत नाही. माणसं आत कोंडली की प्रश्न सुटला, असं नसतं.”

आत्या थोडा वेळ गप्प राहतात. हा मुद्दा त्यांच्याच क्षेत्रातला आहे. दाटीवाटीने राहणाऱ्यांत साथ कशी पसरते, हे त्यांनी पुण्याच्या वस्त्यांत पाहिले आहे.

मग भाची घोड्याच्या शरीराकडे वळते, कारण तिच्या मते सगळा वाद तिथून सुरू व्हायला हवा. “पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला आठ-दहा किलो सुकं गवत आणि पंचवीस ते पन्नास लिटर पाणी लागतं. त्याचं जठर शरीराच्या मानानं लहान. त्यात आम्ल सतत पाझरत असतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. पाच-सहा तास तोंडात काडी गेली नाही, तर जठराला व्रण पडायची भीती. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. जे आत गेलं, ते पुढेच जायला हवं. पोटशूळ उठला, तर काही प्रकारांत हातात काही तासच असतात. घोडा म्हणजे गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली मोटार नव्हे, की महिन्यानं जाऊन किल्ली फिरवली.”

“म्हणून त्याला रोज पळवायलाच हवं?”

“पळवायला नको. पण पळणं थांबलं, तर चंदी त्याच दिवशी कमी करायला हवी. नेमकी तिथेच लोक चुकतात.”

याचा पुरावा जुना आहे. ट्रॅक्टर आणि ट्रक येण्यापूर्वी युरोपात गाडे ओढणाऱ्या दणकट घोड्यांना रविवारी सुटी असे, पण दाणा मात्र रोजच्या इतकाच मिळे. सोमवारी सकाळी गाड्याला जुंपले की काही घोडे थोड्याच अंतरावर ताठत, घाम फुटे, मागचे पाय उचलत नसत आणि लघवी गडद तपकिरी होई. स्नायूंच्या या आजाराला तिथे सोमवारचा आजार म्हणत. एका दिवसाच्या विश्रांतीत हे होत असेल, तर अनेक आठवडे उभ्या राहिलेल्या घोड्याची चंदी कमी न करणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको. दाणा आधी कमी करायचा, गवत तोडायचे नाही आणि आहारात नवे काही आणायचे असेल, तर ते आठवडा-दीड आठवड्यात हळूहळू आणायचे, कारण घोड्याच्या मोठ्या आतड्यातले जंतू नव्या खाण्याला सरावायला तेवढा वेळ घेतात.

स्वारीच्या बाबतीत मात्र दोघींचे एकमत लवकर होते. “तेव्हा घोड्यावर बसायलाच नको होतं,” आत्या ठामपणे म्हणतात. “माणूस पडला, मांडीचं हाड मोडलं, की एक रुग्णवाहिका गेली, एक खाट गेली, एक भूलतज्ज्ञ गेला. त्या आठवड्यांत हे तिन्ही दुसऱ्या कुणाला तरी हवे होते.”

“बरोबर आहे. ब्रिटिश हॉर्स सोसायटीसारख्या संस्थांनीही धोका टाळा, दवाखान्यांवर भार टाकू नका, असंच सांगितलं होतं. मीही मालकांना तेच सांगत होते. हातात दोरी धरून चालवा, कुरणात सोडा, पण खोगीर खुंटीवरच राहू द्या.”

शर्यतीच्या घोड्यांना हे लागू करणे कठीण होते. ब्रिटनमध्ये १८ मार्चपासून १ जूनपर्यंत शर्यती बंद होत्या. ४ एप्रिलला एन्ट्री इथल्या मैदानावर होणारी ग्रँड नॅशनल ही शर्यत रद्द झाली आणि त्याऐवजी संगणकावर तयार केलेली शर्यत टीव्हीवर दाखवली गेली. पण न्यूमार्केटच्या माळावर घोड्यांचा सराव, अंतराचे नियम पाळून, चालूच राहिला. काटक, दाण्यावर वाढवलेले, रोज धावायला सरावलेले ते घोडे एकाएकी चोवीस तास ठाणबंद केले असते, तर त्यांनी स्वतःला आणि मोतद्दाराला इजा केली असती. शर्यत थांबवता आली, व्यायाम थांबवता आला नाही.

त्यातच तो वसंत ऋतू होता. तिकडे मार्च-एप्रिलमध्ये कुरणे हिरवीगार होतात आणि त्या कोवळ्या गवतात साखर भरपूर असते. स्थूल घोडे आणि तट्टे त्यावर सोडली, काम बंद असले आणि रोजची नजर नसली, की खुरांच्या आतल्या नाजूक थराला सूज येते. हा लॅमिनायटिस वाढला, तर खुरातले हाड जागचे हलते आणि घोडा कायमचा अधू होतो.

भाची तेव्हाचा एक फोन सांगते. तबेल्यातली एक तरुण मुलगी एकटी बारा-पंधरा घोडे सांभाळत होती. मालकांना आत यायला मनाई होती. एक तट्टू चालायला नाखूश आहे, एवढेच तिने कळवले. भाचीने तिला व्हिडिओवर फोन चालू ठेवायला सांगितले आणि पायरीपायरीने शिकवले. आधी लांबूनच बघ, कसे उभे आहे? तट्टू पुढचे पाय समोर ताणून, सगळा भार मागे टाकून उभे होते. आता जवळ जा आणि तळहाताची मागची बाजू खुराला लाव, गरम लागते? चारही खुरांना लावून बघ, म्हणजे फरक कळेल. आता घोट्याच्या मागे, बाहेरच्या बाजूला दोन बोटे हलकेच ठेव. तिथे एक नाडी असते. निरोगी घोड्यात ती शोधावी लागते, सापडली तरी अगदी मंद. मुलगी काही क्षण गप्प राहिली आणि म्हणाली, ही तर बोटांवर आपटते आहे. भाचीने तट्टाला कुरणातून काढून भुशाच्या जाड, मऊ बिछान्यावर उभे करायला लावले आणि स्वतः औषधे घेऊन निघाली. त्या काळात पशुवैद्यकांच्या नियामक संस्थेने दुरून तपासून औषध लिहून द्यायची तात्पुरती परवानगी दिली होती, पण ही केस फोनवर मिटणारी नव्हती.

“आता ऐक,” आत्या म्हणतात. “तुझ्याच गोष्टीत मालक कुठे आहे? घरी. ते तट्टू वाचलं ते त्या मुलीमुळे आणि तुझ्यामुळे. मालक रोज येऊन गळ्यात हात टाकून गेला असता आणि ती नाडी त्याला सापडली नसती, तर काय उपयोग? मला वाटतं, बऱ्याच मालकांचं जाणं ही घोड्याची गरज नव्हती, त्यांची स्वतःची होती. एकटेपणा होता, मी तो समजू शकते. पण त्याला घोड्याचं नाव देऊ नये.”

“काहींचं तसं होतं,” भाची कबूल करते. “पण उलटंही बघ. तट्टू कालपासून असं उभं आहे की आठवड्यापासून, हे त्या मुलीला सांगता येईना, कारण ती नवी होती. मालकाला ते आल्या आल्या दिसलं असतं. घोडा दुखणं लपवतो. एरवी डबा वाजला की हिणहिणणारा घोडा आज नुसतं बघतो आहे, एवढीच खूण असते कधी कधी. ती ओळखीच्या माणसालाच कळते.”

कोरोनाच्या तेरा वर्षे आधी ऑस्ट्रेलियात उलटा प्रसंग आला होता. तिथे साथ घोड्यांतच होती. ऑगस्ट २००७ मध्ये सिडनीच्या सेंटेनिअल पार्क इथल्या तबेल्यांत घोड्यांचा फ्लू आढळला. ऑस्ट्रेलियात हा रोग पूर्वी कधीच आला नव्हता, त्यामुळे तिथल्या घोड्यांत प्रतिकारशक्ती नव्हती. हे तबेले शहरी मालकांचे घोडे ठेवण्याचे ठिकाण, म्हणजे घरापासून दूर ठेवलेल्या घोड्यांचेच. देशभर घोड्यांची ने-आण थांबवण्यात आली. क्वीन्सलंडमध्ये वॉरिकजवळच्या मॉर्गन पार्कवर स्पर्धेसाठी आलेले घोडे तिथेच अडकले आणि त्यांच्याबरोबर माणसांनीही मुक्काम ठोकला. सुमारे दहा हजार जागांवर रोग पोहोचला. डिसेंबरपर्यंत तो आटोक्यात आला आणि पुढे ऑस्ट्रेलिया पुन्हा फ्लूमुक्त झाली. माजी न्यायमूर्ती इयान कॅलिनन यांनी केलेल्या चौकशीचा निष्कर्ष असा होता, की विषाणू परदेशातून आलेल्या घोड्यांच्या विलगीकरण केंद्रातून बाहेर पडला तो बहुधा एखाद्या माणसाच्या अंगावरून किंवा साहित्यावरून.

“बघ,” आत्या म्हणतात, “माणसाच्या कपड्यांवरून, हातांवरून गेला. एक फेरी जास्त झाली की काय होतं, ते हे. कोरोनात फाटकाच्या कडीपेक्षा हवेतून होणारा संसर्ग मोठा होता, हे आपल्याला नंतर कळलं. उघड्या आवारात धोका कमी होता, हेही मी मानते. पण मार्च २०२० मध्ये हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना फेऱ्या कमी करणं हेच शहाणपण.”

“आणि मॉर्गन पार्कवर घोडे तरले, कारण त्यांची माणसं त्यांच्याबरोबर राहिली,” भाची म्हणते.

इथे आत्या विषय माथेरानकडे नेतात, आणि तिथे त्यांचा आवाज बदलतो. “तुमच्या इंग्लंडात प्रश्न होता, मालकानं जावं की नाही. आपल्याकडे घोडेवाला घोड्याजवळच होता. दोघांच्याही पोटात काही नव्हतं.”

समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटरवरच्या माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. गावात परवानाधारक घोडे चारशेहून अधिक. काही पर्यटकांना फिरवतात, काही सामान वाहतात. पर्यटक आला तर फेरी, फेरी झाली तर संध्याकाळची चंदी. उन्हाळ्याच्या सुटीत जे मिळते, त्यावर पावसाळ्याचे रिकामे महिने काढायचे असतात. २०२० मध्ये ती सुटी आलीच नाही. नेरळहून वर येणारी छोटी रेल्वे २०१९ च्या अतिवृष्टीपासूनच बंद होती. दाणा डोंगराखालून वर आणायचा आणि विकत घ्यायचा. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि त्यामागून पाऊस आला. महाबळेश्वर-पाचगणीचे घोडे, जुहू चौपाटीवरचे घोडे, लग्नाच्या वरातीचे घोडे, सगळ्यांची गत तीच. वरातीच्या घोड्याचा तर ऐन लग्नसराईचा हंगाम बुडाला.

“केंद्राच्या आदेशात जनावरांच्या चाऱ्याच्या दुकानांना सूट होती,” भाची आठवण करून देते.

“होती. पहिल्या दिवसापासून होती. दुकान उघडं होतं, खिसा बंद होता. सूट देऊन घोड्याचं पोट भरत नाही. फ्रान्सच्या सरकारनं राइडिंग केंद्रांतल्या घोड्यांसाठी पैशांची मदत जाहीर केली. आपल्याकडे घोडेवाल्याला देणगीदारांच्या गाडीची वाट बघावी लागली.”

देणगीदारांबद्दल बोलताना भाची एका धोक्याकडे लक्ष वेधते. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या घोड्यासमोर दयेपोटी दाण्याचे घमेले ठेवणे जिवावर बेतू शकते. उपासमारीनंतर एकदम पिष्टमय खाणे पोटात गेले, की रक्तातल्या क्षारांचा तोल जातो आणि आधी सावरल्यासारखा वाटलेला घोडा काही दिवसांत दगावतो. अशा घोड्याला लसूणघास किंवा चांगले सुके गवत थोडे थोडे, दिवसातून अनेकदा द्यायचे आणि दाणा पशुवैद्याच्या सल्ल्याने बऱ्याच दिवसांनी सुरू करायचा. मदत पाठवणाऱ्यांनी हरभऱ्याच्या पोत्यांआधी गवताच्या गाठी पाठवाव्यात, असे ती आग्रहाने सांगते. नालबंदालाही विसरू नये, असेही ती म्हणते. खूर महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढतो आणि सहा-आठ आठवड्यांत नाल बदलावे लागतात. काम बंद असेल, तर नाल काढून खूर साफ तासून घेणे हा स्वस्त आणि सुरक्षित उपाय आहे. पण तेवढ्यासाठी एकदा तरी नालबंद पोहोचला पाहिजे.

यावर आत्या इतिहासाचा दाखला देतात. त्यांच्या कपाटात शिवकालीन पत्रांचे पुस्तक आहे. त्यातले चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र त्यांनी भाचीला अनेकदा वाचून दाखवले आहे. पावसाळ्याच्या तोंडावरचे ते पत्र. घोडदळ मुक्कामी आहे आणि दाणा-वैरण साठवलेली आहे. महाराज बजावतात, की ती आत्ताच उधळली, तर ऐन पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि त्यांच्या मृत्यूचा दोष तुमच्यावर येईल. मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, तेही चालणार नाही. गवताच्या गंजीजवळ आगटी पेटवू नका, चिलीम ओढू नका, दिव्याची पेटती वात उंदीर घेऊन जाईल, इतक्या बारीक सूचना त्यात आहेत. सभासदाच्या बखरीप्रमाणे महाराजांच्या पागेत दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे.

“म्हणजे पाणी कोण देणार आणि नाल कोण मारणार, हे आधीच ठरलेलं,” आत्या म्हणतात. “नियमाला अपवाद मागायची वेळच येऊ नये, अशी तयारी. मला मालकांवर राग नाही. मला राग आहे तो या तयारीच्या अभावाचा.”

“इथे मी तुझ्या बाजूची आहे,” भाची म्हणते. “पण तयारीत माणूस मोज. नुसती गवताची गंजी मोजू नकोस.”

दोघींचे ऐकल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. टाळेबंदीत मालकाला जायचा हक्क आहे का, यावर वाद घालण्यात फार वेळ गेला. आधी विचारायला हवे होते, की आज तबेल्यात कोण जाणार आणि तो आजारी पडला तर उद्या कोण जाणार. याचे उत्तर तयार असेल, तर मालकाने घरी थांबावे, आणि आत्यांचे म्हणणे खरे ठरते. उत्तर नसेल, तर मालकाचे जाणे ही चैन राहत नाही, ते त्याचे कर्तव्य होते, आणि भाचीचे म्हणणे खरे ठरते. स्वारीला मात्र दोन्ही बाजूंनी नकार आहे. आणि माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे घोड्याचे पोट रोजच्या फेरीवर चालते, तिथे चाऱ्याची व्यवस्था सरकारने माणसांच्या रेशनबरोबरच करायला हवी. चाऱ्याचे दुकान उघडे ठेवून ती जबाबदारी संपत नाही.

साथ, पूर, दरड, संचारबंदी यांपैकी काहीही पुन्हा येऊ शकते. म्हणून ज्यांचा घोडा दुसऱ्याच्या तबेल्यात आहे, त्यांना एक विनंती. एक कागद घ्या. घोड्याला किती गवत आणि किती चंदी लागते ते किलोत लिहा, डब्यांत नको, कारण प्रत्येकाचा डबा वेगळा असतो. काम बंद झाले, तर चंदी किती कमी करायची तेही लिहा. औषधे, खोडी, लाथ मारण्याची सवय, सगळे लिहा. पशुवैद्य आणि नालबंद यांचे फोन क्रमांक लिहा. तुम्ही पोहोचू शकला नाहीत, तर ऑपरेशनचा किंवा वेदनामुक्त मृत्यूचा निर्णय कोणी घ्यायचा आणि खर्च किती करायचा, हे नाव घालून लिहा. घोडा हाताळू शकतील अशा दोन माणसांशी आधी बोलून त्यांची नावे खाली घाला, आणि त्यांना एकदा तबेल्यात नेऊन घोट्यामागची ती नाडी बोटांनी शोधायला शिकवा. महिनाभराचे गवत साठवून ठेवा. हे सगळे करायला एक रविवार पुरतो, तो याच महिन्यात काढा.